बाईंचा ऑनलाइन क्लास : दहावीचं वर्ष आमच्या पडवीतून

मी शिवणकाम करते. राजापूर शहरापासून अठरा किलोमीटर आत आमची वाडी आहे. माझ्या लेकीने २०२५ मध्ये दहावीची परीक्षा दिली आणि त्याआधीचं पूर्ण वर्ष ती गणित-विज्ञानाचा क्लास मोबाईलवर करत होती. निकाल लागल्यापासून ब्लाऊज टाकायला येणारी प्रत्येक बाई विचारते, "काय गो, त्या ऑनलाइनचा खराच उपयोग झाला?" प्रत्येकीला मशीन थांबवून सांगत बसते. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते आहे.

क्लासचं नाव देत नाही, कारण त्याला नावच नाही. सांगली जिल्ह्यातल्या एक निवृत्त शिक्षिका स्वतःच्या घरातून तो घेतात. चोवीसच्या वर मुलं घेत नाहीत, जाहिरात करत नाहीत, आणि "माझं नाव कुठे छापू नका, मग फोन थांबत नाहीत" असं त्यांनी मला आधीच बजावलंय. तेव्हा इथे त्या नुसत्या 'बाई'.

आधी हे सांगते, की ऑनलाइन शिक्षणावर माझा काडीचा विश्वास नव्हता. माझा मोठा मुलगा २०२०-२१ ला दहावीत होता. घरात एक मोबाईल, तो घेऊन त्याचे वडील कामावर जायचे. शाळेतून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ यायचे, ते हा रात्री दहाला उघडायचा आणि अर्ध्यात झोपायचा. पुढे परीक्षाच रद्द झाली आणि नववीचे व वर्षभरातले गुण धरून निकाल लावला. पोरगा पास झाला, पण अकरावीत विज्ञान शाखेला गेल्यावर पहिल्या सहामाहीतच कळलं की दहावीचं त्याच्या पदरात काहीच पडलेलं नाही. ते वर्ष मी विसरलेले नाही. त्यामुळे मुलीच्या वेळी 'ऑनलाइन' हा शब्द कुणी काढला तरी मी उठून आत जायचे.

पण दुसरी वाट कुठे होती? हायस्कूल सुटतं पाचला. चांगला म्हणतात तो क्लास राजापुरात, सहा ते आठ. आमच्याकडची शेवटची एसटी साडेसहाला निघते. म्हणजे क्लासला बसायचं तर परतीला रिक्षा करायची, किंवा बाजारात कुणाकडे तरी मुलीला ठेवायचं. मुलींना एसटीचा मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतला, पण तो घर ते शाळा एवढाच. क्लासची वार्षिक फी पंधरा हजार आणि वर रिक्षा. पावसाळ्यात आठ वाजता घाटीच्या रस्त्याने पंधरा वर्षांच्या मुलीला एकटीला आणायचं, हे तिच्या वडिलांना मान्य नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीचे दोन तरुण वाडीत आले होते. टॅब, त्यात सगळे धडे, रंगीत चित्रं, आणि हप्त्याने पैसे. माझ्याकडे बसून त्यांनी मुलीला पाच प्रश्न विचारले, दोन चुकल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, आता नाही घेतलं तर मुलीचं वर्ष जाईल." तो सूर मला आवडला नाही, मी नको म्हटलं. माझ्या जाऊबाईंनी मात्र घेतलं. त्यांच्या मुलाने तो टॅब दोन महिने बघितला, तिसऱ्या महिन्यापासून कपाटावर ठेवला. हप्ते पुढे वर्षभर कापले गेले. धडे वाईट नव्हते, मी स्वतः पाहिलेत, चित्रं तर फारच सुंदर. पण तो मुलगा बघतोय की नाही, त्याला कळलं की नाही, हे विचारणारं पलीकडे कुणीच नव्हतं.

बाईंचा नंबर मला माझ्या मावसबहिणीने दिला. तिची मुलगी मिरजेला असते, आदल्या वर्षी तिने हाच क्लास केला होता. फोन केला तर बाईंनी फी सांगायच्या आधी विचारलं, "मुलीची नववीची गणिताची वही आहे का? तिच्या कुठल्याही दहा पानांचे फोटो पाठवा." मी पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, तो माझ्यासाठी नाही, मुलीसाठी. वीस मिनिटं बोलल्या. मग मला म्हणाल्या, "ताई, महिना सहाशे रुपये. पहिला महिना बघा, पटलं तर पुढे." गणिताचे दोन्ही भाग आणि विज्ञानाचे दोन्ही भाग, सगळं धरून सहाशे.

वेळ सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसात ते आठ पंचवीस. तीन दिवस गणित, दोन दिवस विज्ञान. पंचावन्न मिनिटंच का, तर गुगल मीटवर फुकटात साठ मिनिटं मिळतात, त्यात त्या बसवतात. मला वाटतं हा फायदाच झाला. पंचावन्न मिनिटांत त्या एकही मिनिट वाया जाऊ देत नाहीत. हजेरी नाही, "कालचं कुठपर्यंत आलं होतं" नाही. मीट उघडली की पडद्यावर पांढरी पाटी आणि त्यावर उदाहरण लिहून तयार. बाई स्वतःचा चेहरा दाखवत नाहीत, पाटी आणि आवाज एवढंच. त्यामुळे डेटाही कमी लागतो, रोजचा दीड जीबीचा पॅक आम्हाला पुरून उरायचा.

आता आमच्या घराचं. चिऱ्याच्या भिंती, आत रेंज अजिबात येत नाही. पडवीच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात, जिथे माझं मशीन आहे, तिथेच काय ती येते. म्हणून मशीनच्या टेबलावर एका बाजूला मोबाईलचा स्टँड, त्यासमोर स्टुलावर लेक, आणि दुसऱ्या बाजूला मी काज-बटण किंवा फॉल लावत बसलेली, असं आमचं वर्ष गेलं. सुरुवातीला मला वाटलं, माझ्या मशीनच्या आवाजाचा तिला त्रास होईल, म्हणून त्या तासात मी हातशिलाईच करायचे. आणि त्यामुळे झालं असं की मी स्वतः रोज क्लास ऐकायला लागले. मी नववीपर्यंत शिकलेली. शिक्षक कसं शिकवतात हे आईला कधी बघायला मिळतं? शाळेत आपण जातो ते पालकसभेला आणि निकालाला. इथे रोज माझ्यासमोर शिकवणं चाललं होतं. चांगलं शिकवणं कशाला म्हणतात ते मला त्या कोपऱ्यात कळलं.

एक दिवस सांगते. वर्तुळाचा धडा चालू होता. पुस्तकात वाक्य आहे, एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सर्व कोन एकरूप असतात. लेकीने ते पाठ केलेलं होतं, झोपेतही म्हटलं असतं. बाईंनी त्या दिवशी पाटीऐवजी जिओजेब्रा नावाचं आकृत्या काढायचं अ‍ॅप उघडलं, फुकट मिळतं ते. वर्तुळ काढलं, त्यात एक कोन काढला, बाजूला त्याचं माप दिसत होतं, ४२ अंश. मग त्या शिरोबिंदूला बोटाने धरून वर्तुळावरून सरकवायला लागल्या. बिंदू डावीकडे गेला, वर गेला, उजवीकडे गेला. कोनाच्या दोन्ही बाजू लांब होत होत्या, आखूड होत होत्या, आकार पार तिरका झाला, आणि बाजूचा आकडा ४२ वरच थांबलेला. बाई काही बोलल्या नाहीत. तसाच फिरवत राहिल्या. मी सुई धरून बघत राहिले. लेक म्हणाली, "आई, हालतच नाही गं तो आकडा." मग बाई म्हणाल्या, "आता हे का होतं ते सिद्ध करू." फळ्यावर खडूने काढलेलं वर्तुळ असं फिरवता येत नाही. शाळेतल्या सरांचा त्यात काही दोष नाही, त्यांच्या हातात खडू आहे.

पण हा क्लास घ्या असं मी ज्यासाठी सांगते, ती गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे वही.

क्लास सुटला की बाई पाच उदाहरणं देतात. मुलांनी ती वहीत सोडवायची आणि साडेनऊच्या आत पानाचा फोटो पाठवायचा. सकाळी सहाच्या आत तो फोटो तपासून परत येतो, टॅबवर लाल पेनाने खुणा केलेला. चोवीस मुलं, रोज. वर्षभरात असा एकही दिवस गेला नाही की वही गेली आणि परत आली नाही. एकदा बाईंना ताप होता तेव्हा दुपारी आली, एवढंच.

सप्टेंबरात वर्गसमीकरणं चालू होती. लेकीची सूत्राने सोडवायची उदाहरणं सतत चुकायची. ती रडकुंडीला आली, "मला गणित येतच नाही." बाईंनी तिच्या मागच्या अकरा दिवसांच्या पानांचे फोटो काढून समोर ठेवले आणि रात्री फोन केला. लाऊडस्पीकरवर होता, मी ऐकत होते. "हे बघ बाळा, तुझं गणित चुकत नाहीये, तुझा कंस चुकतोय." झालं होतं असं, की सूत्रातल्या बीची, म्हणजे एक्सच्या गुणकाची, किंमत समजा उणे सात असली की ही वर्ग करताना कंस न घालता लिहायची, आणि उत्तर घ्यायची उणे एकोणपन्नास. ए दोन, सी तीन. त्यातून चार गुणिले ए गुणिले सी, म्हणजे चोवीस, वजा केले की उणे त्र्याहत्तर, आणि खाली लिहून मोकळी, मुळे वास्तव नाहीत. खरं तर एकोणपन्नास वजा चोवीस पंचवीस, त्याचं वर्गमूळ पाच, आणि उत्तरं तीन आणि एक द्वितीयांश. जिथे बी धन होता ती सगळी उदाहरणं बरोबर होती. अकरा दिवसांत चौदा चुका, आणि चौदाही एकाच जागी. बाईंनी सांगितलं, "किंमत ठेवताना डोळे मिटून कंस घालायचा. संख्या धन असो, ऋण असो." त्या दिवसानंतर ती चूक झाली नाही.

शाळेत एका वर्गात साठ मुलं. सरांनी साठ वह्यांत अकरा दिवस मागे जाऊन बघावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? आणि टॅबमधला धडा तर वही बघतच नाही, तो फक्त पर्याय बरोबर की चूक तेवढं सांगतो. उत्तर चुकलं हे मुलीला आधीच माहीत असतं हो. कुठल्या ओळीत चुकलं ते तिला हवं असतं. ऑनलाइनमुळे वही सांगलीला जाऊन एका रात्रीत परत येते, हा फायदा कुणी जाहिरातीत सांगत नाही.

दुसरं, शंका विचारणं. माझी मुलगी बुजरी आहे. नववीपर्यंत वर्गात तिने कधी हात वर केला नाही. बाईंचा नियम असा, की क्लास चालू असतानाच शंका त्यांच्या नंबरवर लिहून पाठवायची. त्या मोठ्याने वाचतात, पण नाव घेत नाहीत. "एकीने विचारलंय" किंवा "एकाने विचारलंय" एवढंच. त्रिकोणमिती सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी लेकीने लिहिलं, साइन थीटा म्हणजे साइन गुणिले थीटा का? पाठवताना तिचा हात कापत होता, मी पाहिलंय. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "शाब्बास. ही शंका निदान दहा जणांच्या मनात आहे आणि विचारली एकीनेच." मग पुढची वीस मिनिटं, ठरलेला भाग बाजूला ठेवून, त्यांनी साइन हे एका कोनाचं गुणोत्तर आहे, सुटं काढून गुणायची वस्तू नाही, हे समजावलं. समोरासमोरच्या वर्गात साठ तोंडं वळून बघत असताना तिने हे कधीच विचारलं नसतं. फेब्रुवारीपर्यंत ती रोज एक तरी शंका लिहायला लागली, आणि गंमत म्हणजे शाळेतही हात वर करायला लागली. सरांनी मला पालकसभेत आपणहून सांगितलं.

रेकॉर्डिंगचा फायदा सगळेच सांगतात, तो आहेच. जुलैत आमच्याकडे भाताची लावणी असते. सकाळपासून चिखलात उभं राहून आलेली मुलगी साडेसातला डोळे उघडे ठेवू शकत नाही. असे चार-पाच दिवस ती झोपली आणि पहाटे पाचला उठून रेकॉर्डिंग बघितलं. ताप आला, पाळी आली, गणपतीत घर माणसांनी भरलं, तेव्हाही तसंच. पण बाई पंधरा दिवसांनी ती लिंक बंद करतात. मला आधी हे खटकलं, पैसे दिलेत तर बंद का करायचं? त्या म्हणाल्या, "साठवून ठेवलं की बघायचं राहतं, ताई. पंधरा दिवस आहेत म्हटलं की मुलं तिसऱ्या दिवशी बघतात." जाऊबाईंचा कपाटावरचा टॅब आठवला आणि मला पटलं. परीक्षेच्या आधी जानेवारीत सगळ्या लिंक पुन्हा उघडून दिल्या.

त्याच जुलैत अर्जुना नदीचं पाणी राजापूरच्या बाजारात, जवाहर चौकात शिरलं. दरवर्षी शिरतं. बाजारातले क्लास बंद, एसटी बंद. आमचा क्लास चालू होता. नुसता चालू होता असं म्हणून भागणार नाही, कारण लाईट सलग दोन दिवस नव्हती. मी आधीच एक पॉवर बँक घेऊन ठेवली होती, तिच्यावर दोन दिवस निघाले. पडवीच्या कौलांवर पाऊस एवढा वाजतो की मोबाईलचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून कानात घालायचं साधं वायरवालं लागतं. रेंज तुटली की बाई पाटीचा फोटो ग्रुपवर टाकतात आणि सोबत पाच मिनिटांचा आवाज. तेवढ्यावर काम भागतं.

क्लासमध्ये चोवीस मुलं वेगवेगळ्या ठिकाणची. आमच्यासारखी कोकणातली तीन, बाकी सांगली, सोलापूर, बीड, एक मुलगी मुंबईत वडाळ्याची. बीडकडचा एक मुलगा दिवाळीनंतर आईवडिलांसोबत ऊसतोडीला कारखान्यावर आला, कारण गावी त्याला सांभाळणारी आजी वारली. शाळा सुटल्यासारखीच झाली होती, परीक्षेपुरता तो गावी जाणार होता. कोपीत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत बसून, दुसऱ्याच्या मोबाईलवर, तो क्लासला यायचा. बाईंनी त्याची फी घेतली नाही हे मला फार उशिरा, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो, म्हणजे नेमकं दहावीचं अर्धं वर्ष. त्या मुलाला कुठलं गाव, कुठला क्लास पुरा पडला असता? मला या एका मुलासाठीसुद्धा ऑनलाइन शिक्षण हवं असं वाटतं.

आणखी एक आठवण लिहिल्याशिवाय राहवत नाही. महत्त्वमापनाचा धडा होता. बाईंनी सांगितलं, घरात गोल गोष्ट शोधा आणि पाय (π, म्हणजे परीघ भागिले व्यास) कुठे लपलाय ते सांगा. कुणी ताट मोजलं, कुणी विहिरीचा रहाट. मी त्या दिवशी एका नवरीचा अंब्रेला घागरा बेतत होते. कंबर अठ्ठावीस इंच. घागऱ्याला मधला गोल कापायचा तर त्याची त्रिज्या किती घ्यायची, याचा माझा पंधरा वर्षांचा हिशेब असा: कंबरेचा सहावा भाग काढायचा आणि त्यातून पाव इंच कमी करायचा. माझ्या उस्ताद बाईंनी शिकवलं, मी तसंच करते. लेकीने कागद घेतला. परीघ अठ्ठावीस, त्याला दोन पायने म्हणजे ६.२८ ने भागलं, आलं ४.४६. माझ्या हिशेबाने अठ्ठावीसचा सहावा भाग ४.६७, वजा पाव, ४.४२. फरक दोऱ्याएवढा. मग तिने छत्तीसची कंबर घेतली. तिच्या सूत्राने ५.७३, माझ्या हिशेबाने ५.७५. ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तू सहाने भागतेस, भागायला हवं सव्वासहाच्या जरा वर. जास्तीचं येतं ते तू पाव इंचाने काढून टाकतेस." पंधरा वर्षं मी जे करत होते ते का जमतं, हे मला माझ्या मुलीने माझ्याच कापडावर खडूने लिहून दाखवलं. तो कागद बाईंना पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लासची सुरुवात त्या घागऱ्याने केली आणि म्हणाल्या, "या ताईंना सूत्र माहीत नव्हतं, पण पाय माहीत होता." मी पडवीत होते. डोळ्यांत पाणी आलं.

घरात बसून शिकल्यामुळेच हे झालं. राजापूरच्या क्लासात माझा घागरा पोचला नसता.

आता उणिवाही तेवढ्याच स्पष्ट लिहिते.

भौमितिक रचना मोबाईलवर नीट शिकता येत नाहीत. बाई मोबाईल उलटा टांगून कंपासपेटी घेऊन करून दाखवतात, कसूर काही करत नाहीत. पण कंपासमधली पेन्सिल सैल आहे, मुलगी कंपास डोक्याशी न धरता पायाशी धरतेय, त्यामुळे कंस सरकतो, हे फोटोत दिसत नाही. समरूप त्रिकोणाची रचना तिची तीन वेळा मिलिमीटरने चुकली. शेवटी शाळेतल्या सरांना मधल्या सुट्टीत दाखवलं, त्यांनी एका मिनिटात तिचा हात धरून सुधारलं. हात धरायला माणूस जवळच लागतो.

विज्ञानातही प्रयोगांचं तेच. विद्युतधारेचे परिणाम, भिंगे, हे धडे बाई चांगले समजावतात, आणि बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी अ‍ॅपवर उघडून मुलांना बघायलाही लावतात. फुकट आहे ते, ज्यांना कुठलाच क्लास परवडत नाही त्यांनी निदान तेवढं करावंच. पण भिंगातून भिंतीवर उलटी खिडकी दिसली की जे कळतं, ते स्वतःच्या हातात भिंग धरल्याशिवाय कळत नाही. शाळेची प्रयोगशाळा बुडवून कुणी फक्त ऑनलाइनच्या भरवशावर राहू नये.

डोळ्यांचं मला काळजीचं वाटतं. साडेसहा इंचाच्या पडद्यावर आकृतीतली अक्षरं बारीक दिसतात. आम्ही स्टँड हातभर लांब ठेवला आणि आकृती वहीत मोठी काढून घ्यायची सवय लावली. ज्यांच्याकडे टीव्हीला मोबाईल जोडायची सोय आहे त्यांनी ती करावी.

आणि मोबाईल हातात आला की बाकीचंही हातात येतं. याबाबत मी कडक होते. क्लासचा मोबाईल माझा, माझ्या टेबलावर, आठ पंचवीसला माझ्याकडे परत. वहीचा फोटो मीच पाठवायची. ज्या घरात मुलगा मोबाईल घेऊन आतल्या खोलीत दार लावून बसणार आहे, त्या घराला मी हा क्लास सांगणार नाही, कितीही चांगला असला तरी. माझा मोठा मुलगा असाच एकटा पडला होता, ती चूक आमची होती.

रविवारच्या पेपरांबद्दल. नोव्हेंबरपासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा, खऱ्या परीक्षेसारखा चाळीस गुणांचा पेपर, एका रविवारी भाग एक, दुसऱ्या रविवारी भाग दोन. प्रश्नपत्रिका दहाला येते, बारा दहाच्या आत उत्तरपत्रिकेचे फोटो गेले पाहिजेत. पर्यवेक्षक आई किंवा वडील. पहिल्या दोन रविवारी मी मध्येच उठून तिला चहा दिला. बाईंना कसं कळलं देव जाणे, फोन आला, "ताई, बोर्डात चहा देणार नाहीत." मग मीही दोन तास जागची हालले नाही. अशा बारा पेपरांनंतर मार्चमध्ये बोर्डाच्या गणिताच्या पेपरला तिला वेळ कमी पडला नाही.

कोकण विभाग दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिला असतो, २०२५ लाही ९८.८२ टक्के लागला. त्यामुळे आमच्याकडे नुसतं पास होणं ही बातमी होत नाही. पुढे काय घेता येतं, ते गुणांवर ठरतं. नववीच्या वार्षिकला लेकीला गणितात शंभरपैकी ४६ होते. दहावीला ८१ मिळाले, विज्ञानात ७९. तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं. रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात सिव्हिलला प्रवेश मिळाला. ८१ मध्ये शाळेतल्या सरांचा वाटा आहे, तिच्या स्वतःच्या कष्टांचा सगळ्यात मोठा आहे. बाईंचा वाटा किती म्हणाल, तर तिला 'मला गणित येत नाही' हे वाक्य बोलायचं बंद त्यांनी केलं.

दहा महिन्यांचे सहा हजार, पॉवर बँक, स्टँड आणि कानातलं धरून दोन हजार, डेटा पॅक आम्ही तसाही मारतोच. राजापूरला रोजची रिक्षा धरली असती तर याच्या कितीतरी पट झाले असते, आणि रोजचा दीड तास रस्त्यात गेला असता. त्या दीड तासात ती जेवून, वही पूर्ण करून साडेदहाला झोपायची. झोपेचा हिशेब आपण फीमध्ये कधी धरत नाही, धरायला हवा.

पाचपैकी साडेचार गुण देते. अर्धा गुण कंपाससाठी कापला.

बाई नवीन मुलं एप्रिलच्या शेवटी घेतात आणि आधी वही मागतात. माझ्याकडे येऊन नंबर मागणाऱ्यांना मीही आता आधी तेच विचारते, मुलाची वही सोबत आणली आहे का. धाकटा यंदा नववीत गेलाय, त्याची दहा पानं मी फोटो काढून तयार ठेवली आहेत. रचनेच्या सरावासाठी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबाल का, असं शाळेतल्या सरांना विचारलं. ते हो म्हणालेत.